चांदणी लावलेले शब्द

1769च्या ऑक्टोबरमध्ये कॅप्टन जेम्स कुकचं जहाज न्यूझीलंडच्या पूर्व किनाऱ्याला लागलं. जहाजावर तुपाइया नावाचा एक माणूस होता. तो मूळचा ताहितीजवळच्या रायातेआ बेटाचा, आणि जुलैमध्ये ताहितीहून कुकबरोबर निघालेला. किनाऱ्यावर माओरी योद्धे उभे होते. इंग्रजांना त्यांचं अवाक्षर कळेना. तुपाइयाने आपल्याच भाषेत हाक दिली आणि पलीकडून उत्तर आलं. दोन्ही बाजूंना एकमेकांचं बोलणं समजत होतं. ताहिती आणि न्यूझीलंडमध्ये जवळजवळ 4,000 किलोमीटर समुद्र आहे.

खरं तर हे फारसं नवल नव्हतं. ताहितीची आणि न्यूझीलंडची भाषा म्हणजे सख्ख्या बहिणी. त्यांची ताटातूट होऊन तेव्हा जेमतेम पाच-सहाशे वर्षं झाली होती. खरी गंमत पुढे आहे. सामोआ, टोंगा, हवाई, फिजी, वनुआतू, न्यू कॅलेडोनिया, सॉलोमन बेटं, किरिबाती आणि न्यू गिनीच्या किनाऱ्याचा बराचसा भाग, इथे मिळून साडेचारशेच्या वर भाषा बोलल्या जातात. सॉलोमनचा माणूस हवाईच्या माणसाला हाक मारेल तर काही कळणार नाही. तरीही या साऱ्या भाषा एकाच आईच्या लेकी आहेत. अभ्यासक त्या आईला प्रोटो-ओशॅनिक म्हणतात. आपण इथे आद्य ओशॅनिक म्हणू.

ही भाषा सुमारे 3,000 ते 3,300 वर्षांपूर्वी न्यू गिनीच्या ईशान्येकडच्या बिस्मार्क द्वीपसमूहात बोलली जात होती. तिला लिपी नव्हती. तिचा शिलालेख नाही, ताम्रपट नाही, तिच्यातलं एक गाणंही कुणी ऐकलेलं नाही. तरी आज तिचा शब्दकोश आहे, आणि त्यात दोन हजारांच्या वर शब्द आहेत. ऑस्ट्रेलियात कॅनबेराच्या विद्यापीठात माल्कम रॉस, अँड्र्यू पॉली आणि मेरेडिथ ऑसमंड यांनी तो खंडाखंडाने रचला. पहिला खंड 1998 साली आला. कोशातल्या प्रत्येक शब्दाच्या डोक्याशी एक चांदणी असते. चांदणीचा अर्थ: हा शब्द कुणी ऐकलेला नाही, तो हिशेबाने काढलेला आहे.

हा हिशेब कसा करतात?

सारखे दिसणारे शब्द गोळा करायचे आणि त्यांची सरासरी काढायची, असं बऱ्याच जणांना वाटतं. तसं केलं तर पदोपदी फसगत होते. डोळ्याला मलय भाषेत 'माता' म्हणतात आणि आजच्या ग्रीकमध्ये 'माती'. दोघांचा काडीचा संबंध नाही, निव्वळ योगायोग आहे. (आपली माती डोळ्यात जाते, तेवढाच तिचा संबंध.) म्हणून नुसतं साम्य पुरत नाही. अभ्यासकाला हवा असतो नेमाने पडणारा फरक. हिंदीत पानी, रानी, कौन असेल तिथे मराठीत पाणी, राणी, कोण येतं. एकदा घडलं तर अपघात, पण शब्दामागून शब्द तेच घडत गेलं तर त्यामागे इतिहास असतो.

आता कासव घ्या. (मलय ही या लेकींपैकी नाही, पण त्याच थोरल्या कुळातली, मावशीसारखी.) मलयमध्ये 'पेन्यू', फिजीत 'वोनू', टोंगात 'फोनू', हवाईत 'होनू'. मग दगड घ्या. मलयमध्ये 'बातू', फिजीत 'वातू', सामोआत 'फातू', हवाईत 'हाकू' (तिथे दगडाला 'पोहाकू' म्हणतात, त्यातला शेवटचा तुकडा). हवाईच्या 'हाकू'तला 'क' पाहून बिचकू नका. हवाईने जुना प्रत्येक 'त' उचलून 'क' केला आहे. डोळा इतरत्र 'माता', हवाईत 'माका'. तीन इतरत्र 'तोलू', हवाईत 'कोलू'. हा नेम इतका पक्का आहे की, सामोआचा शब्द कळला तर हवाईचा बरेचदा घरबसल्या सांगता येतो.

पण कासव आणि दगड यांत एक जास्त महत्त्वाची गोष्ट दडली आहे. मलयमध्ये कासवाचा 'प' आणि दगडाचा 'ब' वेगळे आहेत. फिजीत दोघांचा 'व' झाला, टोंगा-सामोआत दोघांचा 'फ', हवाईत दोघांचा 'ह'. म्हणजे प आणि ब यांच्यातला जुना भेद या साऱ्या भाषा एकसारख्याच विसरल्या. 'पेन्यू'तला 'पे' आपल्याला एकार दिसतो, पण मलयमध्ये तो पुसट, अकारासारखा उच्चारतात. तोही सगळीकडे 'ओ' झाला. सहा हा आकडा मलयमध्ये पुसट अ घेऊन 'अनाम', आणि फिजी, सामोआ, न्यूझीलंड, हवाई सगळीकडे 'ओनो'.

शाळेत कॉपी पकडायची मास्तरांची जुनी रीत आठवते का? दोघांची उत्तरं बरोबर आली म्हणून कुणी संशय घेत नाही. दोघांचं उत्तर एकाच जागी, एकाच तऱ्हेने चुकलं की मास्तरांची भुवई वर जाते. इथे तेच आहे. साडेचारशे भाषांनी तोच घोटाळा स्वतंत्रपणे केला असेल, हे मानायला जड आहे. तो एकदाच झाला, आईच्या घरात, आणि लेकींना वारशाने मिळाला. आद्य ओशॅनिक नावाची एक भाषा खरोखर होती, हे मानायचं मुख्य कारण हेच.

ही गोष्ट पहिल्यांदा नीट मांडली ओट्टो डेम्पवोल्फ या जर्मन माणसाने. तो पेशाने डॉक्टर, न्यू गिनीतल्या जर्मन वसाहतीत मलेरियावर काम केलेला. पुढे हॅम्बुर्गमध्ये भाषांचा प्राध्यापक झाला. 1934 ते 1938 या काळात त्याचे तीन खंड निघाले. त्यात तैवानपासून मादागास्कर आणि ईस्टर बेटापर्यंत पसरलेल्या ऑस्ट्रोनेशियन कुळाच्या ध्वनींचा हिशेब होता, आणि ओशॅनिक भाषा ही त्या कुळाची एक वेगळी फांदी आहे, हे त्याने ध्वनींवरून दाखवलं. तोवर लोक रंगरूपावरून 'मेलानेशियन' (न्यू गिनीपासून फिजीपर्यंतचे) आणि 'पॉलिनेशियन' (टोंगा-सामोआपासून हवाई, न्यूझीलंडपर्यंतचे) असे दोन गट पाडत होते. ध्वनींना माणसाच्या कातडीचा रंग कळत नाही, हे एक बरं.

मला स्वतःला सगळ्यात आवडतो तो हरवलेल्या अक्षरांचा प्रकार. आद्य ओशॅनिकमध्ये 'पिणे' म्हणजे *इनुम आणि 'रडणे' म्हणजे *तांगिस. पॉलिनेशियातल्या भाषांनी शब्दाच्या शेवटची व्यंजनं टाकून दिली, त्यामुळे सामोआत आणि माओरीत राहिलं नुसतं 'इनू' आणि 'तांगी'. मग शेवटी म होता की स, हे कुणाला कसं कळलं? शब्दाला प्रत्यय लावला की गेलेलं अक्षर परत येतं. 'प्यायलं जाणे' माओरीत 'इनुमिया'. 'ज्याच्यासाठी रडलं जातं' ते सामोआत 'तांगिसिया', माओरीत 'तांगिहिया' (सामोआच्या स च्या जागी माओरीत ह येतो, हाही नेमच). एरवी गायब असलेला म पाठीमागे काही आलं की हळूच डोकं वर काढतो. मूळ शब्द विसरून तीन हजार वर्षं झाली, तरी बोलणाऱ्यांच्या जिभेने व्यंजन जपून ठेवलं, आणि त्यांना स्वतःला त्याचा पत्ताही नाही.

असे शब्द एकेक करून जमले की माणसं दिसायला लागतात. पहिली दिसते ती होडी.

होडीला आद्य ओशॅनिकमध्ये *वांगा. फिजीत तो शब्द जवळजवळ तसाच आहे, टोंगात 'वाका', माओरीत 'वाका', सामोआत आणि हवाईत मध्येच घसा अडवून 'वा-आ'. शिडाला *लायार, मलयमध्ये आजही 'लायार', सामोआत झिजून 'ला', माओरीत 'रा'. वल्ह्याला *पोसे. आणि मग होडीला बाजूने जोडलेला तरंगता ओंडका, *सामान. आपल्याकडे मालवण-वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर होडीच्या एका अंगाला आडव्या दांड्यांनी असाच ओंडका बांधतात, तिला उलांडी म्हणतात. होडी कलंडू नये म्हणून ती असते. हिंदी महासागराच्या किनाऱ्यांवर ही युक्ती ऑस्ट्रोनेशियन खलाशांकडून आली, असं बरेच अभ्यासक मानतात. तसं असेल तर मालवणच्या होडीचं आणि हवाईच्या 'वा-आ'चं दूरचं नातं लागतं. आद्य ओशॅनिकमध्ये उलांडीला एक शब्द, तिला होडीशी जोडणाऱ्या दांड्यांना दुसरा (*कियाजो), आणि होडीची जी बाजू उलांडीच्या विरुद्ध येते, त्या मोकळ्या बाजूला तिसरा: *काताए. हा शेवटचा शब्द मला फार बोलका वाटतो. डावी-उजवी असे शब्द असताना 'उलांडी नसलेली बाजू' या अर्थाचा वेगळा शब्द कुणाला लागेल? ज्याला वारा बदलला की क्षणात ठरवावं लागतं की वजन कुठे टाकायचं, त्यालाच.

दिशाही तशाच. *तासिक म्हणजे समुद्र, *कुतान म्हणजे किनाऱ्यापासून आतला, झाडीचा मुलूख. सामोआत आज 'ताई' आणि 'उता', हवाईत 'काई' आणि 'उका'. होनोलुलूत आजही रस्ता सांगताना 'मौका' म्हणजे डोंगराकडे आणि 'माकाई' म्हणजे समुद्राकडे असं म्हणतात. बेटावर उत्तर-दक्षिणेपेक्षा ते सोयीचं पडतं. या *कुतानची मलयमधली बहीण म्हणजे 'हुतान', जंगल. ओरांगउटान, म्हणजे 'जंगलातला माणूस', हे नाव त्यातूनच आलं. सुमात्रातला ओरांगउटान आणि होनोलुलूतला रस्ता एकाच शब्दाला लटकलेले आहेत.

कोकणातल्या वाचकाला आद्य ओशॅनिकचं स्वयंपाकघर अनोळखी वाटणार नाही. *तालो म्हणजे अळू. इंग्रजीतला 'तारो' हा शब्द पॉलिनेशियातूनच गेला. आपण वडीसाठी आणि फदफद्यासाठी पानं घेतो आणि अळकुड्यांना दुय्यम मानतो, तिथे मात्र कंद हेच पोटाचं अन्न. *कुपी म्हणजे कोनफळ. मलयमध्ये 'उबी', फिजीत 'उवी', टोंगात 'उफी', हवाईत 'उही', आणि हल्ली जांभळ्या आइस्क्रीममुळे गाजलेला फिलिपिन्सचा 'उबे' त्याच घरातला. *कुलुर म्हणजे नीरफणस. *निऊर म्हणजे नारळ. *तोपू म्हणजे ऊस.

नाही ते तांदूळ. ऑस्ट्रोनेशियन कुळाच्या थोरल्या घरात भाताला शब्द होता; मलयमध्ये त्याचाच 'पादी' झाला. ओशॅनिक शाखेत तो सुटला. ही माणसं पूर्वेकडे सरकताना भाताची शेती मागे पडली, कंद आणि झाडांची फळं यांच्यावर संसार चालू लागला, आणि वापर संपला तसा शब्दही गेला. कोशात जे नाही त्यालाही अर्थ असतो, तो असा.

रताळ्याची गोष्ट उलट. पॉलिनेशियात त्याला 'कुमारा', 'कुमाला' म्हणतात आणि ते जुनं वाटतं. पण तो शब्द आद्य ओशॅनिकपर्यंत मागे नेता येत नाही. रताळं मूळचं दक्षिण अमेरिकेचं, आणि तिथल्या केचुआ भाषेत त्याच्याशी जुळणारा शब्द आहे. पॉलिनेशियाचे खलाशी प्रशांत महासागराच्या पलीकडच्या काठाला पोचल्याशिवाय तो इकडे येणं कठीण, आणि ते घडलं ते आईच्या भाषेचा मागमूस संपल्यानंतर दोनेक हजार वर्षांनी.

व्याकरणाकडे वळलं की मराठी माणसाला एक सवलत मिळते. इंग्रजी पुस्तकांत पानभर समजावावी लागते ती गोष्ट इथे एका ओळीत संपते: आद्य ओशॅनिकमध्ये *किता म्हणजे आपण आणि *कामी म्हणजे आम्ही. ऐकणारा धरून की वगळून. माओरीत आज 'तातोउ' आणि 'मातोउ'. झालं.

मालकीचा प्रकार मात्र आपल्याला नवा आहे. फिजीच्या भाषेत 'माझा नारळ' तीन तऱ्हेने म्हणता येतो. खायचा असेल तर 'केंगू निऊ', शहाळ्यासारखा प्यायचा असेल तर 'मेंगू निऊ', आणि विकायला ठेवला असेल किंवा नुसताच माझ्या मालकीचा असेल तर 'नोंगू निऊ'. नारळ तोच, तुम्ही त्याचं काय करणार यावर 'माझा' ठरतो. पण डोळा किंवा बाप यांना असा वेगळा 'माझा' लागत नाही. तिथे 'माझा' शब्दालाच चिकटतो, 'मातांगू' म्हणजे माझा डोळा आणि 'तामांगू' म्हणजे माझा बाप. ज्याच्यापासून सुटका नाही त्याला जोडून लिहायचं, असा काहीसा हिशेब. 'माझा फोटो' यातही हीच गंमत: माझ्या मालकीचा असेल तर 'नोंगू इताम्बा', माझं चित्र त्यात असेल तर 'केंगू इताम्बा', जणू मी त्यात खाल्लो गेलो. ही सगळी व्यवस्था, खाण्याचा *का आणि पिण्याचा *मा धरून, आद्य ओशॅनिकमध्येच होती. पॉलिनेशियाने पुढे खाण्या-पिण्याचा हा भेद सोडला आणि दुसरीच पद्धत लावली.

नात्यांतही असाच एक वेगळा धागा सापडतो. आपण दादा आणि ताई म्हणताना समोरचा पुरुष की बाई हे पाहतो. आद्य ओशॅनिकमध्ये पाहायचे ते बोलणारा आणि समोरचा एकाच लिंगाचे आहेत की नाही. *तुकाका म्हणजे आपल्याच लिंगाचं थोरलं भावंड, *ताची म्हणजे धाकटं. माओरीत आज 'तुआकाना' आणि 'तेइना'. एखाद्या माओरी बाईची 'तुआकाना' तिची थोरली बहीण, आणि पुरुषाचा 'तुआकाना' त्याचा थोरला भाऊ. बहिणीच्या भावाला मात्र वेगळा शब्द, भावाच्या बहिणीलाही वेगळा, आणि त्यांत थोरला-धाकटा हा भेदच नाही. भाऊ-भाऊ आणि बहीण-बहीण यांच्यात मानाची उतरंड, भाऊ-बहीण यांच्यात वेगळंच अंतर, असं ते घर असणार. हे कुठल्या कथेतून कळलेलं नाही. दूरदूरच्या बेटांवरच्या नात्यांच्या शब्दांची मांडणी जुळते त्यावरून कळलं.

भाषेवरून काढलेलं हे चित्र जमिनीतूनही निघतं, म्हणून त्याच्यावर भरवसा ठेवावासा वाटतो. 1952 साली एडवर्ड गिफर्ड आणि रिचर्ड शटलर यांनी न्यू कॅलेडोनियात उत्खनन केलं, तेव्हा दातेरी ठशांची नक्षी असलेली मडक्यांची खापरं सापडली. जागेचं नाव त्यांनी 'लापिता' लिहिलं. 'खड्डा खणणे' या अर्थाचा स्थानिक शब्द त्यांनी चुकीचा ऐकला होता. तेच नाव पुढे एका संस्कृतीला चिकटलं. अशी खापरं सगळ्यात जुनी बिस्मार्कमध्ये सापडतात आणि काही शतकांतच टोंगा आणि सामोआपर्यंत पोचतात, म्हणजे सुमारे 4,000 किलोमीटर. सॉलोमन बेटांच्या मुख्य रांगेपुढचा टप्पाच सुमारे 350 किलोमीटर उघड्या समुद्राचा आहे. बिस्मार्कमधल्या न्यू ब्रिटन बेटावरच्या तालासेआची काळी ज्वालामुखी काच एका बाजूला फिजीत सापडली आहे आणि दुसऱ्या बाजूला बोर्निओत. 2016 साली वनुआतू आणि टोंगातल्या लापिता काळच्या सांगाड्यांच्या डीएनएचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांचे पूर्वज जवळजवळ सगळे पूर्व आशियाकडचे निघाले. न्यू गिनीकडच्या लोकांचं रक्त तिथे मुख्यतः नंतर मिसळलं. भाषा मात्र टिकली.

एवढं सगळं जुळलं तरी एक सावधगिरी हवीच. आद्य ओशॅनिक म्हणजे एका गावात एकसुरात बोलली जाणारी भाषा, असं समजायचं कारण नाही. बारा कोसांवर भाषा बदलते हे तिथेही खरं असणार. फक्त कोसांऐवजी खाड्या आणि बेटं. माल्कम रॉसने 1988 साली हेच सविस्तर मांडलं: पश्चिमेकडच्या कितीतरी भाषा झाडाच्या फांद्यांसारख्या स्वच्छ फुटल्या नाहीत, शेजारच्या बोलींची साखळी ताणत ताणत तुटली. कोशात असतो तो या साऱ्यांतला समान भाग. म्हणून आद्य ओशॅनिकमध्ये गोष्ट लिहायला बसू नये. ऑगस्ट श्लायखरने 1868 साली आद्य इंडो-युरोपीय भाषेत मेंढी आणि घोड्यांची एक छोटी बोधकथा रचली होती. पुढच्या पिढ्यांतल्या पंडितांनी ती इतक्या वेळा दुरुस्त केली की आज तिच्या आवृत्त्या एकमेकींना ओळखत नाहीत. शिवाय जो शब्द साऱ्याच लेकी विसरल्या, तो कुठल्याच हिशेबाने परत येत नाही. तो कोशात रिकामी जागाही सोडत नाही.

आणि कधी उलटंही घडतं. स्वयंपाकाच्या मडक्याला आद्य ओशॅनिकमध्ये *कुरोन. फिजीत आज 'कुरो', टोंगात 'कुलो', आणि सामोआत, जिथे जुना क घशातल्या अडखळ्यात विरतो, तिथे 'उलो'. सामोआत पुढे मडकी घडवणंच बंद पडलं. लोक अन्न तापलेल्या दगडांवर, पानांत गुंडाळून भाजू लागले. युरोपची जहाजं आली तेव्हा तिथे एकही कुंभार नव्हता. मग व्यापाऱ्यांनी लोखंडी भांडी आणली, आणि त्यांना काय म्हणायचं हा प्रश्न कुणाला पडला नाही. सामोआत चुलीवरच्या पातेल्याला आजही 'उलो' म्हणतात.